एमबीए, नवा धंदा आणि घर: तिन्ही एका वेळी जमेल का?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर, राहायला चिंचवडला. दहा वर्षं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत काढली. आता दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळाला आहे. त्याच सुमारास एक धंदाही सुरू करायचा आहे: भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपना मशीनच्या देखभालीची वेळच्या वेळी आठवण करून देणारं ॲप. घरी बँकेत नोकरी करणारी बायको, चार वर्षांची मुलगी आणि वडील. मित्र म्हणतात, दोन डगरींवर हात ठेवू नये, तुझ्या तर तीन आहेत. काकांच्या मते धंद्याचं वय निघून गेलं. खरंच हे जमतं का? तिन्हींचा समतोल कसा साधायचा?
ता. क. शेजारी बसलेली बायको म्हणते, ‘माझं काय होणार, तेही विचार.’

उत्तर: तुमचा प्रश्न वरवर एकच दिसतो, पण उकलून पाहिला तर आत तीन धागे आहेत. वेळ पुरेल का, पैसे पुरतील का आणि घरचे कितपत सोसतील. ताज्या कलमातला चौथा धागा सगळ्यात आखूड आहे आणि मला तोच सगळ्यात जड वाटला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी काकांची शंका, कारण ती लवकर मिटते. धंदा म्हणजे विशीतल्या पोरांचं काम, हा समज दोन-चार प्रसिद्ध नावांमुळे पसरला आहे. अमेरिकेत पियर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जनगणना खात्याची आकडेवारी तपासली. हजारात एक म्हणाव्यात अशा सर्वांत वेगानं वाढलेल्या नव्या कंपन्यांचे संस्थापक सुरुवातीला सरासरी ४५ वर्षांचे होते. कारण उघड आहे. ज्या क्षेत्रात धंदा करायचा तिथं आधी काम केलेलं असलं की दुखणं कुठं आहे ते कळतं. सीएनसी मशीनचा स्पिंडल ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात बसला की काय होतं, हे तुम्ही दहा वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे. ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

आता मित्रांची डगर. दोन्हीकडे हात ठेवला की माणूस बुडतो, हे पोहण्याच्या बाबतीत खरं असेल. धंद्याच्या बाबतीत पुरावा उलटा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग त्यात पूर्णवेळ उतरणारे आणि पहिल्याच दिवशी नोकरी सोडून उडी घेणारे, अशी तुलना त्यात होती. सावकाश उतरणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली. धंदा चालतोय की नाही हे आधी पाहता येतं आणि पगार चालू असल्यानं घाईत चुकीचा निर्णय घ्यावा लागत नाही.

यातलं बिझनेस स्कूलमधलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिल नाइट यांचं. स्टॅनफर्डला एमबीए करताना त्यांनी जपानी बुटांच्या धंद्यावर एक निबंध लिहिला. १९६२ साली पदवी घेतली आणि त्याच वर्षी जपान गाठलं. १९६४ साली आपले जुने प्रशिक्षक बिल बावरमन यांच्यासोबत प्रत्येकी ५०० डॉलर घालून कंपनी काढली आणि गाडीच्या डिकीतून बूट विकले. आपण ऐकतो ती गोष्ट इथून थेट नायकीवर उडी मारते. मधली वर्षं कुणी सांगत नाही. त्या काळात नाइट हिशेबनिसाची नोकरी करत होते, नंतर पोर्टलंडच्या विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवत होते. कंपनीत ते पूर्णवेळ आले १९६९ साली. कल्पना वर्गात सुचली, पण अभ्यास, नोकरी, धंदा आणि लग्न हे सगळं सात वर्षांवर पसरलं.

फक्त तुमच्या बाबतीत एक फरक आहे आणि तो नीट पाहायला हवा. रॅफी आणि फेंग यांनी मोजलेल्या लोकांची दुसरी डगर म्हणजे नोकरी होती, आणि नोकरी पगार देते. तुमची दुसरी डगर आहे अभ्यास. ती पगार देत नाही, उलट फी घेते. म्हणून तुमच्याकडे वेळेआधी पैशाचा हिशेब मांडायला हवा.

समजा फीसाठी १० लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे: शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो, म्हणजे कर्ज थांबलेलं असतं. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. त्या काळात साधं व्याज चढत राहतं. दर १० टक्के धरा आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं माना. वर्षाला एक लाख, तीन वर्षांत तीन लाख. प्रत्यक्षात पैसे सत्रासत्राला मिळतात, म्हणून आकडा थोडा कमी भरेल. तरी तीन वर्षांनी १३ लाखांच्या आसपास देणं असेल आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिना सुमारे १७ हजारांचा हप्ता बसेल. त्या महिन्यात तुमचा धंदा जेमतेम तीन वर्षांचा असेल. शिवाय अशा कर्जावर घरातलं कुणीतरी सहकर्जदार म्हणून सही करतं. तुमच्या घरी ती सही बहुतेक बायकोची असेल. शिकताना व्याज भरत राहिलात तर काही बँका दरात सवलत देतात. जमत असेल तर ते जरूर करा.

दुसरा खर्च धंद्याचा. उत्साहाच्या भरात लोक पहिली गोष्ट करतात ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याची. नाव मिळतं, शिक्का येतो, व्हिजिटिंग कार्डावर ‘संचालक’ छापता येतं. पण कंपनी जन्मली की तिचे विधीही सुरू होतात. पहिली सभा ३० दिवसांत, लेखापरीक्षकाची नेमणूक त्याच मुदतीत, भांडवल जमा झाल्याचं निवेदन १८० दिवसांत आणि मग दरवर्षी ताळेबंद व विवरणपत्रं. एक रुपयाची विक्री नसली तरी यातलं काही चुकत नाही, आणि उशीर झाला की दिवसागणिक दंड. मिड-टर्मच्या आठवड्यात सीएंचा फोन येऊ द्यायचा नसेल तर सुरुवातीला एकल मालकी पुरते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. सेवा देणाऱ्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उणी बाजूही सांगतो. एकल मालकीत धंद्याचं कर्ज हे मालकाचंच कर्ज, म्हणून या काळात धंद्यासाठी उसनवारी करायची नाही. आणि स्टार्टअप इंडियाची मान्यता एकल मालकीला मिळत नाही. पैसे देणारी दहा-बारा गिऱ्हाइकं झाली की कंपनीचा विचार करा.

आता वेळ. आठवड्याचे १६८ तास सर्वांना सारखे. तुमचे मांडून पाहू. रोज सात तास झोप म्हणजे ४९ गेले. पूर्णवेळ एमबीएला वर्ग, वाचन आणि गटानं करायची कामं मिळून ४५ धरा; परीक्षेच्या दिवसांत हा आकडा फुगतो. आंघोळ, जेवण, जाणं-येणं रोज तीन तास, म्हणजे २१. मुलगी, वडील आणि घरकाम यांना रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. उरले साधारण ३५. कागदावर हे पुष्कळ वाटतात आणि इथंच बहुतेकांचा हिशेब फसतो.

फसतो, कारण हे ३५ तास सलग नसतात. चाळीस मिनिटं लेक्चरच्या मध्ये, वीस मिनिटं बसमध्ये, तास-दीड तास मुलगी झोपल्यावर. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला बसलं की मनाचा एक भाग मागच्याच कामात रेंगाळतो आणि पुढचं काम कच्चं होतं. केस स्टडी अर्धी वाचून ॲपचा कोड उघडायचा आणि तो अर्धा ठेवून मुलीला भरवायला बसायचं, असा दिवस गेला की तिन्हीकडे अर्धाच माणूस पोचतो. म्हणून ३५ पैकी धंद्याच्या कामाचे १५ धरा. त्याहून जास्त धरलेत तर ते झोपेतून किंवा मुलीच्या वाट्यातून काढले जातील.

पंधरा तास थोडे वाटले, तर आता ‘समतोल’ या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण त्यात आहे. समतोल म्हटलं की डोळ्यांपुढं तराजू येतो आणि प्रत्येक पारड्यात सारखं वजन टाकायची धडपड सुरू होते. पण ही तीन कामं वेळ मागतात ती तीन वेगळ्या तऱ्हांनी. अभ्यासाच्या वेळेला तारखा असतात: परीक्षा, सादरीकरण, प्रकल्प. त्या आधीपासून ठाऊक असतात आणि सहसा हलत नाहीत. धंद्याची वेळ लहरी असते. दोन आठवडे शांतता आणि मग एका वर्कशॉपचा फोन, आत्ता या. घराची वेळ थोडी असते, पण तिला उधारी चालत नाही. मुलीला रात्री गोष्ट हवी असते ती आज. रविवारी सात गोष्टी एकदम सांगून तो हिशेब चुकता होत नाही. वडिलांची डॉक्टरांकडची तारीखही तशीच.

हा फरक ध्यानात आला की क्रम आपोआप लागतो. ज्याला उधारी चालत नाही त्याचा वेळ आधी ठरवून टाकायचा, मग तो लहान असला तरी चालेल. संध्याकाळी साडेसात ते नऊ घर, फोन दुसऱ्या खोलीत. मग सत्राच्या तारखा वर्षाच्या कॅलेंडरवर मांडायच्या. आणि धंद्याला रोजचा तुकडा देण्याऐवजी सलग वेळ द्यायचा: आठवड्यात एखादा अख्खा अर्धा दिवस, आणि दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यातले आठ-दहा आठवडे. बहुतेक ठिकाणी त्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करावी लागते. ती स्वतःच्या धंद्यात करू देतात का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

तुमच्या धंद्यापुरती एक सोय भोसरीनंच करून ठेवली आहे. तिथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशीन बंद असतात, पण मालक पुष्कळदा हिशेबाला किंवा दुरुस्ती करून घ्यायला येऊन बसलेला असतो. एरवी दोन मिनिटं न देणारा माणूस त्या दिवशी चहा पाजून अर्धा तास बोलतो. गुरुवारी दुपारनंतर वर्ग नसतील असे ऐच्छिक विषय मिळाले तर पाहा. आणि ॲप लगेच बांधू नका. पहिले दोन महिने पाच वर्कशॉपची मशीन एका वहीत लिहा: कूलंट कधी बदललं, स्लाइड-वेला तेल कधी दिलं, बेल्ट कधीचा. आठवण व्हॉट्सॲपवर स्वतः पाठवा. पाचांपैकी तिघांनी त्या निरोपावरून खरंच मशीन थांबवून काम करून घेतलं आणि महिन्याला काही पैसे द्यायला तयार झाले, तर ॲपला अर्थ आहे. निरोप वाचून कुणीच हललं नाही, तर सहा महिने आणि दोन लाख वाचले. यातलं बरंचसं काम त्या पंधरा तासांत बसतं.

कॉलेज आडवं येईल अशी भीती पत्रात दिसली नाही, तरी बहुतेकांना ती असते. केंद्र सरकारनं २०१९ साली विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या नवउद्योगांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेनं सत्राची किंवा वर्षाची रजा देऊन पुन्हा घ्यावं, हजेरी कमी भरली तरी परवानगीनं परीक्षेला बसू द्यावं, धंद्यालाच प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी, अशा गोष्टी त्यात आहेत. हे धोरण संस्थेला वाट दाखवतं, सक्ती करत नाही. तेव्हा तुमच्या संस्थेनं ते स्वीकारलंय का आणि कसं, हे लेखी पाहा. अहमदाबादच्या आयआयएमसारख्या ठिकाणी धंद्यासाठी प्लेसमेंट सोडणाऱ्याला नंतर परत येऊन तिथूनच नोकरी शोधण्याची मुभा असते. अशी सोय घरच्यांची झोप वाचवते.

याच धोरणात एक कलम आहे, ते मात्र ठळक अक्षरात वाचा. संस्थेची साधनं किंवा पैसा भरपूर वापरून, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही निर्माण केलं, तर त्याची मालकी करणारा आणि संस्था यांची संयुक्त धरावी, असं ते सांगतं. म्हणजे गुण मिळवायला ॲपचा कोड प्रकल्प म्हणून दिलात तर पुढे मालकीचा प्रश्न निघू शकतो. उपाय सोपा आहे. प्रकल्पात बाजारपेठेचा अभ्यास द्या, किंमत कशी ठरवायची ते द्या. कोड घरच्या संगणकावर, स्वतःच्या वेळेत लिहा आणि तारखांसह जपून ठेवा. जुन्या कंपनीशी केलेला नोकरीचा करारही कपाटातून काढून वाचा. तिथं असताना सुचलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम त्यात असू शकतं.

आता घर. ‘घरच्यांचा पाठिंबा आहे’ हे वाक्य धंद्याच्या प्रत्येक गोष्टीत येतं आणि त्याचा अर्थ कुणी मोजत नाही. इन्फोसिसची गोष्ट घ्या. १९८१ साली पुण्यात कंपनी सुरू झाली तेव्हा सुधा मूर्तींनी साठवणीतले १० हजार दिले, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. त्या काळात त्यांनी नोकरी केली, लहान मुलगी आजोळी ठेवावी लागली, हे मात्र त्या रकमेच्या मागे दडतं. नोकरी डॉट कॉमचे संजीव बिखचंदानी अहमदाबादच्या आयआयएमचे. त्यांनी १९९० साली चांगली नोकरी सोडली आणि वेबसाइट आली १९९७ साली. मधली सात वर्षं घर मुख्यतः पत्नीच्या पगारावर चाललं, हे त्यांनी स्वतः मोकळेपणानं सांगितलं आहे. एकरकमी मदतीपेक्षा दर महिन्याला येणारा दुसऱ्याचा पगार हेच पुष्कळ धंद्यांचं पहिलं भांडवल असतं.

तुमच्या घरी ते भांडवल बायकोचं आहे. आणि फक्त पगाराचं नाही. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. मुलं आणि वृद्ध सांभाळण्याची वेळ त्यापलीकडची. तुमच्या घरात आकडे वेगळे असतील, चांगले असतील अशी आशा करतो. पण तुम्ही शिकायला आणि धंद्याला लागलात की तुमची मिनिटं घटणार, आणि घटलेली मिनिटं हवेत विरत नाहीत. ती कुणाच्या तरी अंगावर पडतात.

म्हणून ताज्या कलमाचं उत्तर मी त्यांनाच देतो. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो आधीच विचारलात हे फार बरं केलंत. बँकेत बढतीची परीक्षा असते आणि बढतीबरोबर बदली येऊ शकते. या दोन-तीन वर्षांत ती संधी आली तर काय करायचं, हे आज ठरवा. ‘बघू तेव्हा’ या उत्तराचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही बढती सोडायची असाच होतो. ती घ्यायची ठरली तर मुलगी आणि वडील कुणाकडे, पाळणाघराला आणि मदतनिसाला महिना किती, हे आकडे फीच्या शेजारी लिहा. ते धंद्याच्या खर्चातच धरायचे, कारण त्यांच्याशिवाय धंदा उभाच राहत नाही. कर्जावर सही करण्यापूर्वी एक तारीख आणि एक रक्कम कागदावर घ्या: अमुक महिन्यापर्यंत धंद्यातून घरात इतके रुपये आले नाहीत तर हे नोकरी शोधतील. ती तारीख आल्यावर पुन्हा बोलता येईल, वाढवताही येईल, पण विषय काढण्याचं ओझं एकट्या तुमच्यावर राहणार नाही. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुमची, जिचा हिशेब कुणी मागायचा नाही. कॅलेंडरवर परीक्षांच्या तारखा लिहिण्याआधी ती लिहा.

आणि तुम्ही, प्रश्नकर्ते: हा कागद प्रवेशाची फी भरायच्या आत तयार व्हायला हवा. वडिलांनाही त्यात बसवा. मुलीला शाळेतून आणायचं काम त्यांना आवडीचं आहे की आपण त्यांच्या गळ्यात मारतोय, हे त्यांनाच विचारा. आपण गृहीत धरतो त्यापेक्षा त्यांचं उत्तर वेगळं निघू शकतं.